पाणपोईभोवतीची इंचभर फट

१९८४ सालचा फेब्रुवारी, महिन्यातला पहिला रविवार. जागा, दिंडोरी रस्त्यावरच्या द्राक्ष बागायतदारांच्या सहकारी संस्थेचं ऑफिस. विषय, अकरा हजार रुपयांची देणगी. हजर होते संस्थेचे चेअरमन नानासाहेब, मॅनेजर देवरे, देणगी देणारे सखाहरीआबा आणि संस्थेचा स्ट्रक्चरल इंजिनियर म्हणून मी.

"खैरनारसाहेब, चहा घ्या आणि सही करा," नाना म्हणाले. "बाकीचं मागाहून बोलू."

सही हवी होती स्टॅबिलिटी सर्टिफिकेटवर. नवीन शेड सुरक्षित आहे, असं इंजिनियरने लिहून द्यायचं. ते मिळाल्याशिवाय शेड वापरायची नाही, अशी बँकेची अट होती. द्राक्षाचा सीझन सुरू झाला होता. माल तयार होता, ट्रक येत होते, आणि शेजारी उन्हात ताडपत्री बांधून बाया पेट्या भरत होत्या.

"चहा घेतो," मी म्हणालो. "सही आज होणार नाही."

देवऱ्यांनी पेनाचं टोपण काढलं होतं. ते त्यांनी परत लावलं. सखाहरीआबा खिडकीतून बाहेर बघत होते, तसेच बघत राहिले.

शेड मीच डिझाइन केली होती. चोवीस मीटर लांब, आणि पाठीमागे एकाच ओळीत सहा लोखंडी खांब. छत खांबांच्या पुढे पाच मीटर आलेलं, पुढच्या बाजूला एकही खांब नाही. एका बाजूने धरलेलं आणि दुसरीकडे मोकळं, अशा बांधणीला कॅन्टिलिव्हर म्हणतात. घराची गॅलरी तशीच असते. इथे ती हवी होती, कारण ट्रक उलटा घेताना ड्रायव्हरने पुढचा खांब ठोकला, असं जुन्या शेडमध्ये दोनदा झालं होतं.

पत्रा उन्हाने तापतो आणि द्राक्ष मऊ पडतं, म्हणून संस्थेला पत्रा नको होता. त्यामुळे वर तीन इंची काँक्रीटच्या फळ्या टाकून त्या एकमेकींना पक्क्या जोडल्या. सावली थंड झाली, पण छताचं वजन पस्तीस टनांवर गेलं. भूकंपात जमीन हलते तेव्हा इमारतीला जो हिसका बसतो, तो तिच्या वजनाच्या प्रमाणात असतो. हलक्या पत्र्याच्या शेडला भूकंपाची फारशी भीती नसते, वाऱ्याची असते. या शेडला दोन्हींची होती. तो हिशेब मी केला होता. सहाही खांब सारखे असल्यामुळे आडवा धक्का बसला तर सहाही सारखेच वाकणार होते, प्रत्येकाच्या वाट्याला धक्क्याचा सहावा भाग येणार होता.

त्या रविवारी सकाळी मी शेवटच्या तपासणीला गेलो, तर पूर्वेच्या टोकाला पहिल्या दोन खांबांच्या मध्ये विटांची खोली उभी होती. नऊ इंची भिंती, तीन मीटर उंच. दोन्ही खांब भिंतींच्या पोटात घेतलेले, सिमेंटने गच्च. वर पाण्याच्या टाकीसाठी स्लॅब. पुढच्या बाजूला दुसऱ्या खांबावर अर्धी आणि भिंतीवर अर्धी अशी संगमरवरी पाटी: 'कै. ठकूबाई सखाहरी यांच्या स्मरणार्थ पाणपोई.'

आबांची देणगी बायकोच्या नावाच्या याच खोलीसाठी होती. काम सुबक होतं. सांधे एका रेषेत, कोपरे काटकोनात. भालेराव मिस्त्रींचा हात मला ठाऊक होता.

"पाणपोईच तर आहे," नाना म्हणाले. "उलट भिंतीने खांब मजबूतच झाले की."

"दोन झाले. चार तसेच राहिले. तीच अडचण आहे."

हे समजायला फूटपट्टी पुरते. तिचं एक टोक टेबलावर दाबून धरा आणि दुसरं ढकला. भरपूर वाकते. आता ती अर्ध्याहून वर धरा आणि ढकला. हलतच नाही. आमचे खांब पाच मीटर उंच होते. तीन मीटर भिंतीत गेल्यावर पहिल्या दोघांची मोकळी उंची दोन मीटर उरली. हिशेबाने ते दोघे बाकीच्या चौघांपेक्षा पंधरापट ताठ झाले. आता धक्का बसला की ताठ टोक जागच्या जागी राहणार आणि वजनदार छत मोकळ्या टोकाकडून फिरणार. हल्ली याला टॉर्शनल इरेग्युलॅरिटी असं लांबलचक नाव आहे. आम्ही नुसतं टॉर्शन म्हणायचो. साध्या मराठीत, पीळ.

ऑफिसात फूटपट्टी नव्हती. मी उठून ऑफिसचं दार हलवून दाखवलं.

"नाना, बिजागरीपाशी बोट ठेवा. दार किती हललं?"

"जवळजवळ नाहीच."

"आणि कडीपाशी?"

"हातभर." नानांनी आबांकडे पाहिलं. "म्हणजे आबांनी आमच्या शेडचं दार केलं म्हणायचं."

"पुढच्या वेळी कुलूप घेऊन येतो," आबा म्हणाले. कुणी हसलं नाही, तेही हसले नाहीत.

मी आकडे सांगितले. दुसऱ्या खांबावर हिशेबात धरल्यापेक्षा साडेतीनपट जोर येतो. शेवटच्या, सहाव्या खांबावर दीडपटीहून जास्त. शिवाय ती वीट धक्का सोसायला बांधलेलीच नाही. ती फुटून बाहेर पडली तर पडेल पाणी प्यायला उभ्या असलेल्या माणसांवर.

"मग दुसऱ्या टोकालाही अशीच खोली बांधू," देवरे म्हणाले. "दोन्हीकडे सारखं."

सूचना चुकीची नव्हती. दोन्ही टोकं सारखी ताठ केली असती तर पीळ गेला असता. पण पश्चिमेला ट्रक वळायची जागा होती.

"आपले ड्रायव्हर बघितलेत का?" नाना म्हणाले. "पंधरा दिवसांत खोली ट्रकला अडकवून कलकत्त्याला नेतील."

म्हणून उरला एकच उपाय, आणि तो सोपा होता. खोली राहू द्यायची. फक्त खांबांच्या भोवती भिंत एक इंच कापायची आणि त्या फटीत सहज दबणारा डांबरी बोर्ड भरायचा. मग खांब आपल्या मर्जीने हलतील, भिंत आपल्या पायावर उभी राहील, दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. भिंतीच्या कोपऱ्यांत सळ्या घालून तिला स्वतःपुरती मजबूत करायची. तीन दिवसांचं काम.

तेव्हा आबा खिडकीपासून वळले. साठीच्या पुढचे गृहस्थ, धोतर, पांढरी टोपी. शिकले नव्हते, पण तालुक्यात द्राक्ष आणणाऱ्या पहिल्या चार-पाच जणांतले.

"भिंतीला भेग पाडायची म्हणता?"

"भेग नाही आबा, फट. सरळ, एक इंचाची. वरून पट्टी मारली की दिसणारही नाही."

"दिसायचं सोडा. पाडायची ना?"

"हो."

"तिचं वर्षश्राद्ध बारा दिवसांवर हाय. वरीस पुरं व्हायच्या आत तिच्या नावाच्या भिंतीला छिन्नी लावायची नाय. आमच्यात नाय लावत."

"मग वर्षश्राद्धाला उद्घाटन करा, आणि दुसऱ्या दिवशी कापू."

"लोक पाणी पिऊन गेलेली पाणपोई फोडायची? ती तर त्याहून वंगाळ."

मी पाहिलं तर दोन्ही वाटा बंद होत्या. आधी कापायची नाही, कारण वर्ष पुरं नाही. उघडल्यावर कापायची नाही, कारण ती मग पाण्याची जागा झाली. न कापता उघडायची, तर माझी सही नाही आणि शेड बंद.

"खैरनारसाहेब," आबांनी विचारलं, "भूकंप कधी येनार?"

"ते कुणालाच सांगता येत नाही."

"पुढल्या बारा दिवसांत?"

"बहुतेक नाही."

"बारा वर्षांत?"

"माहीत नाही. गेल्या वर्षी भातसा धरणाकडे धक्के बसले, ते आपण ऐकलंच."

"आन् आलाच नाय तर?"

"तर मी बरोबर होतो की चूक, हे कधीच कळणार नाही."

आबांनी मान हलवली. "मंजी तुमचं आमच्यासारखंच हाय. फवारा मारायचा. रोग आला नाय तर फवाऱ्यानं आला नाय, का येनारच नव्हता, कुनाला ठावं."

यापेक्षा नेमकं मलाही सांगता आलं नसतं. माझा धंदा त्यांना कळला होता. तरी त्यांचं म्हणणं बदललं नव्हतं.

नाना मला बाजूला घेऊन गेले. "साहेब, सीझन तीन महिन्यांचा. मला शेड हवी. आबांच्या अकरा हजारांचं मी बघून घेतो. खोलीच पाडू. ते ज्येष्ठ आहेत, रागावतील, नंतर विसरतील."

"पाडायची गरज नाही. खोली वाईट नाही, जोडलेली आहे एवढंच वाईट आहे."

"मग काय करू? त्यांच्या श्राद्धासाठी बारा दिवस माल उन्हात ठेवू?"

मी दिलेलं उत्तर आजही बरोबर वाटतं आणि आजही आवडत नाही. मी म्हणालो, "ते तुम्ही आणि आबा ठरवा. मला खांब सुटे झालेले दिसले, की मी सही करीन."

निघताना मी ताडपत्रीपाशी थांबलो. पेठ-सुरगाण्याकडच्या डोंगरातल्या बाया होत्या. भाताची कापणी उरकली की दरवर्षी सीझनला खाली यायच्या. घडातले खराब मणी कात्रीने काढायचे आणि कागद लावलेल्या पेटीत घड मांडायचे. हात थांबत नव्हते. नवीन शेडमध्ये त्यांची जागा पश्चिमेला ठरली होती, म्हणजे माझ्या हिशेबातल्या दाराच्या कडीपाशी.

आबा माझ्या मागोमाग आले होते. एका वयस्क बाईने त्यांना बघून विचारलं, "मामा, पानी कधी सुरू व्हनार मामीचं?"

"व्हईल," आबा म्हणाले.

ती मला सांगू लागली. "मामी बांधावर रांजण भरून ठेवायची. आमी पिऊन झालो का मग सोता प्यायची. आमच्या पोरांला गूळ द्यायची."

मला वाटलं, वाट सापडली. मी आबांना म्हणालो, "मग वर्षश्राद्धाला इथे रांजणच ठेवा. पाणी त्यांच्या नावानेच सुरू होईल. पाणपोई मागाहून उघडा."

"रांजण तर ती रोजच ठेवायची," आबा म्हणाले. "त्यात माझं काय?"

मग मी ते सांगितलं, जे ऑफिसात सांगितलं नव्हतं. ऑफिसात मी सहावा खांब म्हणालो होतो. आता म्हणालो, "आबा, ती खोली अशीच राहिली आणि कधी धक्का बसलाच, तर छत सगळ्यात जास्त जिथे फिरेल, तिथे ह्याच बाया बसणार आहेत."

त्यांनी त्या टोकाकडे पाहिलं. मग बायांकडे. माझ्याकडे पाहिलं नाही. "बरं," एवढंच म्हणून ते चालू लागले. होकार होता की निरोप, मला कळलं नाही.

त्या बारा दिवसांत शेड बंद राहिली. नानांचे फोन आले. एकदा म्हणाले, आज चाळीस पेट्या परत आल्या, मणी गळाले. एकदा म्हणाले, नाशकात इंजिनियर तुम्ही एकटेच नाही. तेही खरं होतं. दुसरा कुणी सही देऊन गेलाही असता. पण नानांनी आणला नाही, हे त्यांच्या जमेला मांडलं पाहिजे.

वर्षश्राद्धाच्या जेवणाचं मला बोलावणं आलं. अपेक्षा नव्हती. बायको म्हणाली, "बोलावलंय तर जा. न जाणं जास्त वाईट दिसेल." मी गेलो. मळ्यात पंगत बसली होती. आबा स्वतः वाढत होते. माझ्या पानात त्यांनी खीर वाढली, पुन्हा वाढली, आणि चारचौघांसारखंच विचारलं, "साहेब, अजून?" पाणपोईचा विषय त्यांनी काढला नाही. भावकीतल्या एकाने मात्र काढला. "आबा, आज उद्घाटन व्हतं ना? पत्रिकेत व्हतं."

"राहिलं," आबा म्हणाले.

"का बरं?"

"काम राहिलंय थोडं."

माझ्याकडे बोट दाखवायची संधी होती. त्यांनी दाखवलं नाही. मी पान संपवून उठलो. हात धुताना ते मागे येऊन उभे राहिले. "उद्या लावा मिस्त्री."

दुसऱ्या दिवशी भालेराव मिस्त्री आणि त्यांची दोन माणसं आली. मी खांबांभोवती खडूने रेघा मारून दिल्या. पाटी आधी काढायची ठरली, कारण ती खांब आणि भिंत दोन्हींवर बसलेली होती. भालेरावांनी घाई केली नाही. चारही बाजूंनी सिमेंट थोडं थोडं उकरलं, मागे पातळ पट्टी सारली, खाली गोणपाट धरायला माणूस उभा केला. पण त्यांनी स्वतःच लावलेलं सिमेंट होतं, आणि ते पक्कं लागलं होतं. पाटी सुटली ती दोन तुकड्यांत. एक खांबावरचा, एक भिंतीवरचा. चीर नावातून गेली.

भालेरावांनी छिन्नी खाली ठेवली. "आबा, मी नवी आणून देतो. माझ्या पैशानं."

"तुजी काय चूक?" आबा म्हणाले.

चूक खरंच कुणाची नव्हती. मी म्हणालो, "आबा, नवीन करून घेऊ. मी सांगतो त्या माणसाकडून, आठ दिवसांत."

"दुसऱ्यांदा नाव कोरत नसत्यात," आबा म्हणाले. त्यांनी खांद्यावरचा पंचा पसरला, दोन्ही तुकडे त्यात ठेवले, गाठ मारली. मग म्हणाले, "जाऊ द्या. तिला कुठं वाचता येत व्हतं."

गाठोडं उचलून ते घरी गेले. काम संपेपर्यंत आले नाहीत.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी प्रत्येक फटीतून हॅक्सॉचं पातं वरपासून खालपर्यंत फिरवून पाहिलं. कुठे अडकलं नाही. मग तिच्यात डांबरी बोर्ड बसवून घेतला आणि सर्टिफिकेटवर सही केली. दुसऱ्या सकाळी बाया शेडमध्ये बसल्या. पाणपोईला तोट्या लागल्या आणि पाणी सुरू झालं. नारळ कुणी फोडला नाही. पाटीच्या जागी चौकोनी डाग राहिला.

आबा त्यानंतर मालाबरोबर मुलाला पाठवायचे. स्वतः शेडकडे आले नाहीत. दोनदा मी मळ्यावर जाऊन भेटलो. चांगलं बोलायचे. निघताना द्राक्षाची पेटी गाडीत ठेवायचे आणि पैसे घ्यायचे नाहीत. पाणपोईचं पाणी ते एकदाही प्याले नाहीत, असं देवरे मला सांगायचे. मी विचारलं नसताना सांगायचे.

शहाऐंशीच्या अखेरीस आबा गेले.

संस्थेकडे माझ्या फीपैकी साडेसातशे रुपये यायचे राहिले होते. मी नानांना म्हणालो, ते मला देऊ नका. पाणपोईवर पाटी लावा, त्यात आता आबांचंही नाव घाला. नानांना भरून आलं. त्यांनी माझा हात हातात घेतला. ते खोटं नव्हतं, असं मी अजूनही धरतो.

वर्षभराने अंबडच्या एका कारखान्याच्या कामावरून परतताना मी वाट वाकडी करून तिकडे गेलो. पाटी लागली होती. चांगला दगड होता, जुन्यापेक्षा मोठा. मजकूर असा: 'संस्थेची पाणपोई. सौजन्य: चेअरमन, व्हाइस चेअरमन व सर्व संचालक मंडळ.' खाली अकरा नावं.

"देवरे, हे काय?"

"साहेब, मीटिंगमध्ये विषय निघाला," देवरे म्हणाले. "आबाच म्हणाले होते ना, दुसऱ्यांदा नाव कोरत नसतात. सगळ्यांना ते आठवलं. मयताचा शब्द मोडायचा कसा?"

मी फट बघून आलो. बोर्ड जागेवर होता. कुणी सिमेंट भरलेलं नव्हतं. पश्चिमेच्या टोकाला बाया पेट्या भरत होत्या. ओळखीची कुणी दिसली नाही.

त्या शेडला आजवर मोठा धक्का बसलेला नाही. बसू नये. पण त्यामुळे एक इंचाची ती फट लागली असती की नाही, हे मला कुणाला दाखवून देता येणार नाही, आणि ज्यांना दाखवायचं होतं ते आता नाहीत. तेव्हापासून माझ्या ड्रॉइंगवर एक ओळ असते: खांबांना चिकटून काहीही बांधू नये. साइटवर पहिल्या दिवशी गेलो की मालकाला एक प्रश्नही विचारतो, इथे कुणाच्या नावाने काही बांधायचं आहे का? लोकांना तो प्रश्न इंजिनियरचा वाटत नाही. बहुतेक जण नाही म्हणतात. काही जण जरा थांबून हो म्हणतात. मग आम्ही त्यासाठी खांबांपासून लांब, मोकळी जागा आधीच काढून ठेवतो.

भिंत कापायचे तीनशे चाळीस रुपये झाले. ते भालेराव मिस्त्रींना मिळाले, आणि दिले सखाहरीआबांनी, गाठोडं घेऊन घरी जाण्याआधी, आगाऊ. माझे साडेसातशे पाटी कोरणाऱ्याला पोचले. अकरा नावांना ते बरोबर पुरले, असं देवरे म्हणाले.